खंडेनवमीचं अपडेट

आमच्या ऑफिसात मी नास्तिक म्हणून प्रसिद्ध आहे. खरं तर मी नास्तिक नाही, आगाऊ आहे. पण एवढा बारीक फरक कोण करत बसतो? द्रोणागिरीला कंटेनरच्या एका गोदामात मी सर्व्हर सांभाळते. दर खंडेनवमीला आमच्याकडे फोर्कलिफ्टपासून स्टेपलरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, झेंडू चढतो, आणि त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही असा दंडक आहे. गेट बंद, गाड्या बंद, पेढे चालू. मी दर वर्षी मोठ्यांदा म्हणायचे, "सर्व्हरला कसली आलीय खंडेनवमी? त्याला नवमी कळते का दशमी?"

त्या वर्षीही म्हटलं. नुसतं म्हणून गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण सर्व्हर निवांत बंद करायला मिळतो असा वर्षातून हाच एक दिवस. सगळे खाली पूजेला उभे असताना मी वर सर्व्हरच्या खोलीत शिरले आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला आम्ही कर्नल म्हणतो, तो बदलून नवा टाकला. सुरक्षेसाठी तो टाकायचाच होता. त्यासाठी मंजुरीचा फॉर्म भरावा लागतो, तो काही मी भरला नाही. फॉर्म वाचणारे साहेब आरतीत होते.

मध्येच दार उघडलं. गेटच्या खिडकीत बसून गाड्यांचे पास काढणारी आमची ताई झेंडूची माळ घेऊन आली. ती करावे गावची, माझ्यासारखीच पन्नाशीला टेकलेली. नवऱ्याची खाडीत होडी आहे, पण मासळी लागेल तेव्हा खरी; घरात दर महिन्याला नक्की येणारा पगार हिचा एकटीचा. तोही कंत्राटी. दिवाळीच्या आधी नवं पत्र हातात पडलं की पुढचं वर्ष सुटलं. सगळं ऑफिस मला मॅडम म्हणतं, ही मात्र पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणायची, घरच्या माणसाला म्हणतात तसं. डबा आम्ही एकत्र खायचो. तिच्या सुक्या बोंबलाच्या बदल्यात मी माझी शेपूची भाजी निर्लज्जपणे पुढे सरकवायचे.

तिनं स्क्रीनवर भराभर सरकणाऱ्या ओळी पाहिल्या, माळ सर्व्हरच्या कपाटावर चढवली, हात जोडले.

"बाय, पेढा घ्याला ये खाली."

"आलेच," मी म्हटलं. हिला काय कळतंय, असं मनात म्हटलं.

दसऱ्यानंतर गेट उघडलं आणि बोंब सुरू झाली. सेव्ह दाबल्याबरोबर निघणारा पास आता चौदा चौदा सेकंद घ्यायला लागला. चौदा सेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण मागे कंटेनरच्या गाड्या उभ्या असल्या की कळतं. रांग पार मोठ्या रस्त्याला लागली. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून ओरडत होते, "ओ मावशी, झोपली काय?" आणि मावशी बिचारी गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसलेली.

आमचे साहेब नुकतंच कसलं तरी ट्रेनिंग घेऊन आले होते. तिथे त्यांना शिकवलं होतं की प्रॉब्लेम नेहमी माणसात असतो. ते मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तिच्या पाठीशी तीन दिवस उभे राहिले. मग तक्ता काढला. वर ठळक अक्षरांत 'मानवी विलंब', खाली तिचा रकाना लालभडक. तक्त्यात सर्व्हरचा रकाना नव्हता, कारण साहेबांनी मला आधीच विचारून घेतलं होतं.

"सिस्टिममध्ये काही चेंज?"

"काहीही नाही," मी म्हटलं. मेलवरसुद्धा तेच लिहून दिलं.

का, ते सांगते. लाज वाटली म्हणून. इतकी वर्षं यांना हसले, आणि नेमकं खंडेनवमीला हात लावला नि नेमकं बिघडलं! हे कळलं असतं तर आख्खं ऑफिस माझ्या रिटायरमेंटच्या भाषणापर्यंत तो किस्सा चघळत बसलं असतं. विज्ञानाची इभ्रत वाचवायला म्हणून मी धडधडीत खोटं बोलले. आणि विज्ञानाचं कसलं डोंबल, इभ्रत माझीच होती.

डब्याच्या वेळी ताई म्हणाली, "बाय, नंबर टाकला का जुनी नोंद लगेच दिसतं. पन सेव्ह दाबला का फिरत बसतं. बघाला पटकन, ठेवाला टाइम."

याहून नेमकं निदान मला पगार घेऊन जमलं नसतं. वाचायला जलद, लिहायला हळू, म्हणजे डिस्कवर लिहिण्यातच घोळ. मी काय केलं? "नेटवर्क बघते हं," म्हटलं. मग केबली बदलल्या, अँटिव्हायरसला शिव्या घातल्या, गेटवरच्या प्रिंटरची झडती घेतली. चोर सोडून संन्याशाला सुळी! मी सोडून बाकी सगळं तपासून झालं.

मग एका सकाळी साहेब सहज बोलून गेले, "त्या ताईंचं पत्र या वेळी थांबवतोय. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये फायनल करू. जरा बोटं चालणारं कोणीतरी घेऊ."

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेट बंद झाल्यावर मी सर्व्हर जुन्या कर्नलवर सुरू केला. पास झटकन निघाला. नव्यावर आणला, चौदा सेकंद. पुन्हा जुना, पुन्हा नवा. तीनदा केलं आणि मग पळवाटच उरली नाही.

कारणही सापडलं. जुना कर्नल मजकूर हातात पडला की लगेच 'लिहिलं' म्हणून मोकळा व्हायचा, डिस्कवर तो उतरला असो नसो. नवा तसं करत नाही. डिस्क स्वतः हो म्हणेपर्यंत थांबतो. आणि आमचं सॉफ्टवेअर एकेका पासासाठी चिमूट चिमूट पन्नास वेळा लिहितं, म्हणजे पन्नासदा थांबणं आलं. इतकी वर्षं आमचा सगळा झपाटा थापांवर चालला होता तर! मी सॉफ्टवेअरला सगळा पास एकदमच लिहायला लावला आणि नवा कर्नल तसाच ठेवला. गुरुवारी दुपारपासून पास पुन्हा झटपट निघायला लागले.

कोणाला काही बोलले नाही. मला वाटलं, बिघाड गेला, आता तक्ताही जाईल, पत्रही निघेल, झाकली मूठ सव्वा लाखाची. मोठी शहाणी मी!

शुक्रवारी साहेबांनी नवा तक्ता लावला. ताईचा रकाना हिरवा झाला होता.

"बघा," साहेब खुलून म्हणाले, "स्टॉपवॉच लावलं, प्रेशर आलं, सुधारल्या. म्हणजे आधी नुसता कामचुकारपणा चालला होता. अशा माणसाला ठेवायचं कशाला?"

आता मात्र मला बसवेना. "कामचुकार त्या नाहीत," मी म्हटलं. "चूक माझी आहे. सर्व्हरचा कर्नल मी बदलला होता. खंडेनवमीला, कोणाला न विचारता. आणि नंतर खोटं बोलले."

मग स्टोअरचे एक काका हळूच म्हणाले, "खंडेनवमीला? हात लावलात?" दुसरं कोणीतरी म्हणालं, "तरीच!" झालं. खोटं बोलले त्याचं कोणाला काही नाही, फॉर्म भरला नाही त्याचंही नाही. मुहूर्त मोडला याचंच सगळ्यांना वाईट वाटलं. साहेबांनी तक्ता गुंडाळला, ताईचं पत्र काढायला सांगितलं, आणि पुढच्या वर्षी सर्व्हरपुढे नारळ मी फोडायचा असं सर्वानुमते ठरलं.

मी धावतच गेटवर गेले. "ताई, तुझं पत्र निघतंय. चूक माझी होती गं. त्या दिवशी मीच..."

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली. मान वर केली नाही. "झेंडूची माल घालाला आली तवाच बघितला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा नाव मी घेऊ?" आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "तो मानूस घड्याल घेऊन पाठीशी उभा र्‍हायचा. मना वाटायचा, आज बाय सांगंल. रोज डब्याला वाट बघली."

मला रडू फुटलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात खिडकीपुढे एक गाडी येऊन उभी राहिली. तिनं नंबर टाकला, सेव्ह दाबलं. पास लगेच निघाला.

"जरा बाजूला व्हा, मॅडम," ती मला म्हणाली. "गाडी येतंय."