शवासनातली बदली

डोंगरावरच्या चौकीवर आमची सेक्शन पोहोचली त्याच आठवड्यात कंपनीची ऑर्डर आली. पहाटेचं स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन सावध बसणं, संपलं की रोज योगाभ्यास.

मी सेक्शन कमांडर, हवालदार. ताडासनापर्यंत माझी काही हरकत नव्हती. पण शेवटी शवासन! समोरच्या कड्यावर दुश्मन आणि आम्ही डोळे मिटून मुडद्यासारखं पडायचं? ज्यानं हे सुचवलं त्याच्याबद्दलच मला शंका आली. मग मी माझा नियम काढला. जोडीतला एक आडवा पडेल, दुसरा रायफल घेऊन बसेल. अर्ध्यात मी 'बदली' म्हटलं की पाळी बदलायची.

माझा जोडीदार होता नाईक गौतम खरात, परतूरचा. मी आडवा पडूनही एक डोळा किलकिला ठेवायचो. तो हसायचा.

"उस्ताद, झाका डोळे. मी बघून राह्यलो ना."

"तुझ्यावर भरवसा आहे. कड्यावर न्हाई."

"कड्याकडंच बघून राह्यलो."

त्या सकाळी धुकं होतं. आडवं पडायची पहिली पाळी माझी होती. रात्रभर ड्यूटी झाली होती. त्या दिवशी मी दोन्ही डोळे मिटले.

"उठा!" गौतम ओरडला आणि त्यानं फायर केला. समोरूनही फायर आला. आम्ही सगळे मोर्चात, म्हणजे खंदकात, पोहोचलो, गौतम पोहोचला नाही. मी वायरलेस सेट उचलला.

"कॉन्टॅक्ट. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

आवाज सरळ ठेवला. नंतर मोर्चामागं जाऊन रडलो. 'बदली' म्हणायचं राहून गेलं होतं.

रिटायर होऊन अंबडला आलो, पण योग सुटला नाही. कंबर अजून ताठ आहे आणि राग थोडा उतरलाय असं बायको म्हणते. संशय मात्र उतरला नाही. दूधवाल्याचं माप आणि मीटर रीडिंगवाल्याचा आकडा मी अजून स्वतः तपासतो. शाळेच्या मैदानावर सकाळी आमचा योगवर्ग भरतो. शवासनात सगळे डोळे मिटतात. मी इतकी वर्षं मिटले नव्हते.

म्हणूनच तो मला दिसला. जाफराबादकडून मुलाकडं राहायला आलेला माणूस, पन्नाशीचा. आम्ही सगळे चपला काढतो तिथंच मागं तो सतरंजी टाकायचा. लोक मोबाइल, गाडीच्या किल्ल्या चपलांतच ठेवतात. सगळे आडवे झाले की हा हळूच उठून बसायचा आणि मान उंच करून बघायचा. दाल में कुछ काला है, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. आठवडाभर पाळत ठेवली. त्याच्या मोटारसायकलचा नंबरही पाठ केला. एक दिवस शवासनात सरळ त्याच्याजवळ जाऊन बसलो.

"पाहुणे, डोळे का झाकत न्हाई?"

"तुम्ही तरी कुठं झाकता, मेजर?"

फौजेतून आलेला प्रत्येकजण इथं मेजरच असतो.

"मी विचारून राह्यलो," मी म्हणालो.

त्यानं हनुवटीनं पहिल्या रांगेकडं दाखवलं. निळ्या ड्रेसमधली बाई. "आमची मंडळी. तिला फिट येते. मागं अशीच पडल्या पडल्या आल्ती. मी बाजूलाच होतो, डोळे झाकून. मला कळलंच न्हाई. तवापासून झाकले न्हाईत."

"मग घरीच का ठेवत नाही?"

"योगानं तिला बरं वाटतं. मंग मी राखण करतो." जरा थांबून तो म्हणाला, "मेजर, तुम्ही झाका डोळे. मी बघून राह्यलो ना."

परतूरच्या गौतमचेच शब्द. मी आडवा झालो आणि दोन्ही डोळे मिटले. भीती वाटली, तरी उघडले नाहीत.

अर्ध्यात उठून बसलो.

"बदली."

"काय?"

"आता तुम्ही झाका. पहिल्या रांगेवर माझी नजर आहे."

त्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. आठवडाभर मी त्याच्याकडं बघितलं होतं, तसंच. मग तो आडवा झाला. निळ्या ड्रेसवरची नजर मी शेवटपर्यंत हलवली नाही.

आता रोज आमची जोडी असते आणि रोज अर्ध्यात मी 'बदली' म्हणतो. नाईक गौतम खरात, परतूर. डोळे मिटायची त्याची पाळी राहिली ती राहिलीच.