फिटरने तळं साफ केलं

गळका नळ आणि वाकडी पडलेली चप्पल या दोन गोष्टी फिटरला बघवत नसत. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात त्याने उभी हयात पंप दुरुस्त केले. पंप उघडला की नट-बोल्ट निघतील त्या क्रमाने फडक्यावर मांडायचे आणि काम संपल्यावर जमिनीवर तेलाचा थेंब दिसता कामा नये, ही त्याची रीत. निवृत्त झाल्यावर ती रीत घरात आली आणि बायकोच्या नाकी नऊ आले.

"अहो, डबे आहेत ते, सुटे भाग नाहीत," ती म्हणायची. "साखर कुठे ठेवायची ते मला ठरवू द्या."

पक्ष्यांचा नाद त्याला नोकरीतच लागला. केंद्राच्या मागे शेवटचं मोठं तळं आहे. शुद्ध झालेलं पाणी पुढे सोडण्याआधी तिथे थांबतं. पंपाच्या आवाजावर कान ठेवून बसायचं तर डोळ्यांनाही काहीतरी काम लागतं. तळ्यावर लांब तांबड्या पायांचे शेकाटे यायचे, खंड्या यायचा. टिबुकल्या तर कायमच्याच. मुठीएवढं बदक म्हणावं अशा, इथे बुडी मारून भलतीकडेच वर येणाऱ्या. त्यांची नावं मात्र त्याला निवृत्तीनंतर कळली. वस्तीतल्या वाचनालयाच्या बाई महिन्यातून एकदा लोकांना पक्षी बघायला नेत आणि परत आल्यावर वाचनालयात त्यावर बोलत. फिटर एकही फेरी चुकवत नसे. दुर्बीण वाचनालयाची, पण तिच्या काचा पुसायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलेलं.

या खेपेला बाई म्हणाल्या, "काका, तुमच्या तळ्यावर जाऊ या. दाखवायचं तुम्ही आणि नंतर बोलायचंही तुम्हीच."

फिटरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. केंद्राच्या साहेबांची परवानगी काढून तो तळं बघायला गेला आणि तिथेच त्याचं डोकं फिरलं. काठावर पाणकणसाचं गवत माणसाच्या उंचीचं माजलेलं. मध्ये बाटल्या, पिशव्या, कुजक्या शेवाळाचे गोळे तरंगताहेत. पाहुणे यायचे आणि घराची ही कळा!

त्याने केंद्रातून विळा मागून घेतला, लांब काठीला लोखंडी आकडा बांधला आणि कामाला लागला. पाणकणीस वरवर छाटून भागत नाही. पाण्यात उतरून बुडाशी हात घालावा लागतो. पाती बोटं कापतात, चिखल पाय सोडत नाही, आणि ओलं गवत वाटतं त्यापेक्षा कितीतरी जड असतं. अलीकडच्या काठावर फिटरने खुंट ठेवला नाही. पाण्यातलं जे जे तरंगत होतं ते आकड्याने ओढून बाहेर काढलं आणि कुंपणाशी नीट ढीग लावला. संध्याकाळी काठ नुकती दाढी केल्यासारखा दिसत होता. कंबर मोडली होती, पण काम मनासारखं झालं होतं.

फेरीच्या आदल्या दिवशी तो वाचनालयात गेला. बाईंनी लोकांना दाखवायची चित्रं टेबलावर मांडली होती. एक चित्र त्याने उचललं. पाण्यावर कुजक्या शेवाळाचा गोळा.

"हा कचरा कशाला ठेवलात?"

"कचरा नाही हो काका. टिबुकलीचं घरटं. पाणकणसाला अडकवलेलं, तरंगतं. अंड्यांवरून उठताना ती ओलं शेवाळ ओढून अंडी झाकते. कुणाला कळूच नये म्हणून."

फिटरने चित्र होतं तिथे ठेवलं आणि तो तडक घरी निघाला.

घरी बायकोने सगळं ऐकलं आणि लगेच चपला घातल्या. दोघं तळ्याच्या कुंपणाशी ढिगापुढे बसली. फिटर मूठमूठ गवत उपसून, पिळून, बोटांनी चाचपून बाजूला ठेवत होता. मध्येच उठून तळ्याकडे बघत होता. पाण्यावर एकही टिबुकली नव्हती. ढिगाच्या तळाशी शेवाळाच्या एका गोळ्यात त्याला कवचाचे दोन तुकडे मिळाले, मळकट तपकिरी, नखासारखे पातळ.

"हे फुटलंय, की पिल्लू बाहेर पडलंय?" त्याने विचारलं.

"मला काय विचारता? मी काय कोंबडी आहे?" ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "बाईंना दाखवा ना."

"दाखवतो. पण उद्या टिबुकली दिसली नाही, तर दुर्बीण त्यांच्या टेबलावर ठेवून येणार. कचरा आणि घरटं यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने लोकांना काय दाखवायचं?"

यावर ती काहीतरी टोमणा मारील असं त्याला वाटलं होतं. तिने मारला नाही. त्याने तो आणखीच घाबरला.

सकाळी मंडळी जमली, फिटरची बायकोही आली. फाटकातून आत शिरताच रुमाल नाकाला गेले.

"फिटर, अत्तराचा कारखाना झकास आहे रे तुझा," शेजारचा शिंपी म्हणाला.

साफ केलेल्या काठावर एक धोबी पक्षी शेपटी हलवत फिरत होता. बाकी शुकशुकाट.

"पक्षी काय रजेवर गेले?" शिंप्याने विचारलं. लोक हसले. फिटर हसला नाही. दुर्बीण डोळ्यांना लावून तो पुढे पुढे चालला. बाई त्याच्याकडे बघत होत्या. हा माणूस आज बोलत का नाही, हे त्यांना कळेना.

तळ्याला वळसा घालून मंडळी पलीकडच्या अंगाला आली. या कोपऱ्यात विळा पोचला नव्हता. पाणकणीस तसंच उभं होतं.

"ते बघ," शिंपी म्हणाला. "कुणीतरी पाठीवर बोचकं घेऊन निघालंय."

पाणकणसातून टिबुकली बाहेर आली होती. पाठ फुगलेली. फिटरने दुर्बिणीचं चाक फिरवलं. बोचकं हललं. पिसं बाजूला झाली आणि अंगठ्याच्या नखाएवढं, पट्ट्यापट्ट्यांचं एक डोकं वर आलं. त्याच्यामागून दुसरं. तेवढ्यात शेजारी दुसरी टिबुकली पाण्यातून वर आली आणि तिने चोचीतला किडा पहिल्या डोक्याच्या तोंडात घातला.

फिटरचा जीव भांड्यात पडला. तो काठावरच्या दगडावर बसला.

"आता श्वास घ्या," बायको म्हणाली.

मग त्याने बसल्याबसल्याच सगळं सांगितलं: विळा, आकडा, ढीग. खिशातून कागदात गुंडाळलेले तुकडे काढून बाईंच्या हातावर ठेवले. त्यांनी ते उजेडात उलटसुलट करून पाहिले.

"आत बलक नाही. पापुद्रा सुकून सुटलाय. पिल्लं आधीच बाहेर पडली होती, काका. पण खरं सांगते, पिल्लं थोडे दिवस विसाव्याला घरट्यावर परत येतात. ते मात्र तुम्ही नेलंत."

"म्हणजे बाळंतीण बाहेर गेली आणि याने घर पाडलं!" शिंपी म्हणाला. आता मात्र सगळ्यांबरोबर फिटरही हसला, डोळे पुसावे लागेपर्यंत. पण हसताना त्याला पक्कं ठाऊक होतं की हे निभावलं ते त्याच्या हातून नव्हे. ज्या कामात काय मोडलं असतं हे करणाऱ्याला ठाऊकच नव्हतं, ते काम चांगलं कसं म्हणायचं?

"वाचनालयात काय बोलणार मग?" बाईंनी विचारलं.

"कचऱ्यावर बोलतो," तो म्हणाला.

लोकांचे रुमाल केव्हाच खिशात गेले होते. दुर्बीण या हातातून त्या हातात फिरत राहिली आणि टिबुकली तिची दोन डोकी मिरवत राहिली.

परतताना फाटकाशी साहेब भेटले. खूश होते. "काका, काय चकाचक केलंत! आमची माणसं तिकडे ढुंकून बघत नाहीत. पलीकडचा कोपराही करून टाकता का?"

नोकरीत असताना साहेबाने सांगितलेलं काम फिटरने कधी टाळलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "आणि तुमच्या माणसांनाही करू देऊ नका. बाटल्या काढा, पिशव्या काढा. गवताला हात लावायचा नाही."

साहेबांनी चमकून त्याच्या बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता," ती म्हणाली. "मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकतेय."