गोड आवाजाचा तास

माझा आवाज मोठा आहे, हे मी आयुष्यभर मिशीला पीळ देत सांगत आलो. तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, माईक कधी मागितला नाही. मी "सावधान" म्हटलं की मैदानातली पोरं तर सोडाच, बाहेर रस्त्यावर पाव घ्यायला उभी असलेली माणसंही टाचा जुळवायची. निदान मी तसं सांगत तरी फिरायचो.

अशा माणसाच्या पदरात म्हातारपणी एक कुत्रा पडला. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवाले, लोअर परळच्या टॉवरमध्ये राहतात. आमच्या परळच्या चाळीपासून चालत पंधरा मिनिटं. पण तेवढं चालून मुलगा यायचा कधी? गणपतीला आणि दिवाळीला. आला की आईशी गप्पा, मला "बरंय ना?" आणि मग घड्याळ. त्यांनी कुठूनतरी हा दोन वर्षांचा तपकिरी गावठी कुत्रा दत्तक घेतला आणि दिवसभर तो आमच्याकडे ठेवायचं ठरवलं. झालं! मुलगा सकाळी सोडायला, संध्याकाळी न्यायला रोज येऊ लागला. खोटं कशाला बोलू, मला कुत्रा नको होता. पट्टा धरून त्याच्यामागून येणारा हवा होता.

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. शिस्त लावायची म्हणून जुनी शिट्टी काढली, जोरात फुंकली आणि गरजलो, "बस खाली!" कुत्रा बसला नाही. पोट लादीला घासत पलंगाखाली गेला आणि तिथे मुतला. पलंगाखाली पापडाचे डबे होते. आमची ही मालवणची. तिने कपाळावर हात मारला. "कित्याक ओरडतास? तो काय तुमच्या शाळेतलो आसा?"

"शाळेतला असता तर एव्हाना बसला असता," मी म्हटलं. तिने फडकं माझ्या हातात दिलं.

त्या आठवड्यात तीनदा फडकं हातात आलं. मी नुसता खाकरलो तरी तो पलंगाखाली. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, महिनाभर बघू. नाही जमलं तर ऑफिसजवळ कुत्र्यांचं पाळणाघर आहे, तिथे ठेवतो." मी मनात हिशेब मांडला. पाळणाघर ऑफिसजवळ, म्हणजे आमच्याकडे पुन्हा गणपती आणि दिवाळी.

"काय करायचं ते सांग," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला असं विचारलं असेन.

त्याने सांगितलं. खेळ खेळायचे. दिवसातून चार-पाचदा, तीन-तीन मिनिटं, कुत्रा कंटाळायच्या आत थांबायचं. शिक्षा नाही, शिट्टी नाही. आणि आवाज गोड.

"गोड म्हणजे?"

"म्हणजे... आई बोलते तसा."

मी लगेच वहीत वेळापत्रक आखलं. पहिला तास वाट्यांचा. तीन वाट्या उपड्या घालायच्या, एकीखाली उकडलेल्या चिकनचा तुकडा, गड्याने हुंगून ओळखायचं. सोमवारी-गुरुवारी आमच्याकडे वशाट शिजत नाही, तेव्हा पनीर. दुसरा तास लपाछपीचा. आता दहा बाय बाराच्या खोलीत एवढा देह लपवायचा कुठे? कपाटामागे पोट मावेना. मग मोरीच्या पडद्याआड उभा राहिलो आणि नाकातून आवाज काढला, "कुठं गेलेऽऽ आजोबा? शोध रे माझ्या राजा!"

कुत्रा सोडून सगळी चाळ आली. शेजारच्या खोलीत माझा एक जुना विद्यार्थी राहतो. आता दोन पोरांचा बाप आहे, पण एके काळी मी त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. तो दारात उभा राहून म्हणाला, "सर, मी शोधलं तर मलापण चिकन?" मी पडद्याआडूनच खेकसलो. लगेच पलंगाखाली ओलं. सगळं मुसळ केरात!

मग मात्र मी लाज कोळून प्यायलो. दाढी करताना आरशासमोर गोड बोलायचा रियाज करू लागलो. ही म्हणाली, लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, हा आवाज इतके दिवस कुठे ठेवला होता? मी गालाला आणखी साबण फासला. आणि तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी पडद्याखालून एक ओलं, थंडगार नाक माझ्या पोटरीला लागलं. शप्पथ सांगतो, कवायतीची ढाल जिंकली तेव्हाही मी इतका खूश झालो नव्हतो.

महिना संपला त्या रविवारी मुलाने परीक्षा घेतली. गॅलरीच्या जिन्याकडच्या टोकाला तो, हातात चहाचा कप. दुसऱ्या टोकाला मी, उकिडवा बसलेला, गुडघे बोंबलतायत. आळीपाळीने हाक मारायची. त्याच्याकडे कुत्रा सरळ गेला. मग माझी पाळी. "ये रे माझ्या सोन्या." तो निघाला, अर्ध्या वाटेवर थांबला, एक पाय उचलून माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा हळूच हाक मारली. आणि तो जो सुटला तो थेट माझ्या मांडीवर.

आनंदाच्या भरात माझं भान सुटलं. "शाब्बास रे पठ्ठ्याऽऽ!" पूर्ण मैदानी आवाज. कठड्यावरची कबुतरं उडाली. गेलं, महिनाभराचं गेलं, असं मनात आलं. पण कुत्रा जागचा हलला नाही. शेपटी हलवत माझी हनुवटी चाटत होता. जिंकलो! मी मान वर करून मुलाकडे पाहिलं.

चहा त्याच्या शर्टावर सांडला होता. खांदे कानापर्यंत चढलेले, मान आत ओढलेली, डोळे घट्ट मिटलेले. अडतीस वर्षांचा माणूस, हाताखाली वीस जण. एक क्षणभरच. मग त्याने खांदे खाली घेतले आणि रुमालाने शर्ट पुसत माझ्याकडे आला.

"पास झालात, बाबा," कुत्र्याची मान खाजवत तो म्हणाला. "हा आता दिवसभर इथेच राहील."

याच वाक्यासाठी मी महिनाभर मोरीत उभा राहिलो होतो. आणि आता मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"भाजलं का रे बाळा?" मी विचारलं. कमावलेला सगळा गोडवा त्यात ओतला.

तो हसला, पण अवघडून. "बाबा, माझ्याशी असं नका ना बोलू. कसंतरीच वाटतं."

"मग कसं बोलू?"

तो खरंच विचार करायला लागला. कुत्र्याच्या मानेवरचा हात थांबला.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मला सवय नाही."