मॅचबाई

आमच्या खेळाच्या बाई कुणालाही भेटल्या की आधी मॅचचं आमंत्रण देत. भाजी घेताना भाजीवालीला, एसटीत कंडक्टरला, इंजेक्शन घेताना डॉक्टरला. "बुधवारी आमच्या पोरींची खो-खोची मॅच हाय. येणार न्हवं?" असं विचारायच्या आणि समोरचा होय म्हणेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. एकदा बारशाला गेल्या आणि बाळंतिणीलाही बोलावून आल्या. त्यांचं खरं नाव त्यामुळे मागे पडलं आणि साऱ्या आजऱ्यात त्या मॅचबाई झाल्या.

बाई कोल्हापूर शहरातल्या, पेठेत वाढलेल्या. संस्थेने त्यांची बदली आमच्या हायस्कुलात केली तेव्हा मी आठवीत होते. माहेरच्या गोष्टी सांगायला लागल्या की त्यांना तास संपल्याचं भान नसे. शाळेच्या संघाची फुटबॉल मॅच असली की त्यांचे वडील दुकानाचं शटर ओढत. आई सकाळीच दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकून ठेवी. पलीकडच्या गल्लीतल्या आत्याशी त्या दिवशी बोलणं बंद, कारण आत्याचा मुलगा दुसऱ्या शाळेकडून खेळायचा. शाळेतल्या पोरांचा खेळ बघायला एवढी माणसं लोटतात हे आम्हाला काही पटत नसे. बाई थापा मारतात असं आमचं ठाम मत होतं.

आमच्याकडची त्यांची पहिली मॅच सकाळी अकराला झाली, गावाबाहेरच्या मैदानावर. बघायला आमचे शिपाईमामा आणि समोरच्या संघाचे सर, एवढीच माणसं. आम्ही जिंकलो, एकमेकींच्या गळ्यात पडलो, आणि बाई मात्र मैदानाकडेच्या रिकाम्या बांधाकडे बघत उभ्या होत्या. मुख्याध्यापकांनी त्यांची समजूत घातली की कोल्हापूरची गोष्ट वेगळी, तिथल्या पाण्यातच खेळाचं वेड आहे, इथं ते नाही. बाई म्हणाल्या, "सर, मी त्येच पाणी पिऊन वाढलो. पाण्यात काय न्हाय."

पुढे एका रविवारी त्या आम्हाला लाल गाडीत घालून कोल्हापूरला घेऊन गेल्या. दोन हायस्कुलांची फुटबॉल मॅच होती आणि मैदानाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या शेजारी एक म्हातारी आजी शेंगदाणे खात बसली होती. तिला गोलरक्षक म्हणजे काय हे माहीत नसावं, पण मैदानावरच्या प्रत्येक पोराचं घर तिला माहीत होतं. "त्यो बघ, सुमनचा थोरला. ताप आलता त्येला परवा. कशाला पळतंय एवढं," असं ती मला सांगत होती, जणू मी तिच्याच गल्लीतली. परतीच्या गाडीत मी बाईंना विचारलं, की आमच्याकडे असं का नाही? बाई म्हणाल्या, "ठाव न्हाय."

उत्तर त्यांना काही दिवसांनी सापडलं. सरावाच्या वेळी आम्हाला गोल बसवून त्या म्हणाल्या, "ती आजी फुटबॉल बघायला आली न्हवती. सुमनचा पोरगा बघायला आलती. आता मला सांगा, तुमच्या आया अकरा वाजता कुठं असत्यात?" आम्ही एका सुरात सांगितलं, काजू फॅक्टरीत. संघातल्या निम्म्याहून जास्त मुलींच्या आया पाच वाजेपर्यंत काजू सोलायला असत. माझीही.

मग बाईंनी मॅच साडेपाचला घ्यायचा ध्यास घेतला. मुख्याध्यापक म्हणाले, पाहुण्या संघाला परत जायला उशीर होईल. बाईंनी पाहुण्यांच्या जेवणाची सोय स्वतःच्या घरी केली आणि गाडीवाल्याला थांबायला राजी केलं. फॅक्टरीत जाऊन मालकांना सांगितलं की त्या दिवशी पाचाला म्हणजे पाचाला सुट्टी द्या, आणि तुम्हीही या. बायकांमध्ये बसून घटकाभर काजू सोलले. बोटांना टरफलाचं तेल लागून ती काळी झाली, ते काळे हात घेऊनच दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या.

माझ्या घरी तेव्हा वेगळंच चाललं होतं. वडील नव्हते, धाकटा भाऊ लहान, संध्याकाळी चूल मला पेटवावी लागे. आता नववीत गेलीस, खेळ पुरे झाला, असं आईने सांगून टाकलं होतं. ही मॅच शेवटची, एवढीच सवलत मला मिळाली होती. बाईंना मी ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण आईला समजवायला काही त्या घरी आल्या नाहीत. मला त्याचा रागच आला होता.

त्या संध्याकाळी बांधावर फॅक्टरीतल्या बायका ओळीने बसल्या होत्या, डोक्याला बांधलेली फडकीसुद्धा न सोडता. शेवटच्या पाळीत मी पळत होते. माझ्या दोन्ही जोडीदारणी बाद झालेल्या. तेवढ्यात मला आई दिसली. ती बसली नव्हती, कडेला पिशवी धरून उभी होती. मी खांबाला वळसा घातला, एकीला हूल देऊन निसटले, पुन्हा खांबाकडे वळले. बायकांत एकदम गलका झाला आणि त्यातून कुणीतरी विचारलं, "ही कुणाची गं?"

आईचा आवाज मला पळता पळता स्पष्ट ऐकू आला. "माझी हाय."

आम्ही एका गुणाने हरलो. घरी जाताना आई मध्येच म्हणाली, "मी बघायला आलो न्हवतो. तुला न्यायला आलतो." रात्री मी भाकरी थापायला बसले तर तिने मला उठवलं आणि स्वतः परातीपुढे बसली. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "त्या शेवटच्या खांबाला तू उजवीकडनं वळायला नगं हुतंस." खेळ सोडायचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर बांध कधी रिकामा राहिला नाही. वर्षभरात फॅक्टरीतल्या बायका पंचांशी भांडण्याइतक्या तयार झाल्या आणि बाई त्यांना आवरायचं सोडून कौतुकाने बघत राहायच्या. मी कॉलेजात गेले त्या वर्षी बाईंची हातकणंगल्याच्या शाखेत बदली झाली. स्टँडवर त्यांना पोचवायला एवढ्या बायका आल्या, की कंडक्टरने कुणाची सोयरीक जमली का म्हणून विचारलं.

आता मी कोल्हापुरात बँकेत आहे. गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आईने सहज सांगितलं, की नव्या सरांनी मॅच पुन्हा सकाळी अकराला ठेवली होती. संघात आता फॅक्टरीतल्यांच्या मुली नाहीत, नाती आहेत, आणि त्यांत आईची एकही नाही. तरी ती आणि फॅक्टरीतल्या बायका मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या आणि वेळ बदलल्याशिवाय उठल्या नाहीत.

मी तिथूनच बाईंना फोन लावला. हातकणंगल्यालाही अजून फारसं कुणी येत नाही, कारण शोधतोय, असं त्या नेहमीच्या उत्साहाने सांगत होत्या. मी त्यांना मध्येच थांबवून आजऱ्याची हकीकत सांगितली.

मग बाईंनी विचारलं, "कुणी सांगितलं म्हणून गेल्या?"

मी म्हटलं, "कुणीच नाही, बाई. त्यांच्या त्या गेल्या."

"बरं केलं," बाई म्हणाल्या. "आईला सांग, पुढच्या मॅचला मी येतो. बांधावर जागा धरून ठेव म्हणावं."