तेराव्या नंबरची कळशी

नांदेडच्या एका नर्सिंग कॉलेजच्या होस्टेलात महिनाभर एकच विषय चघळला जात होता: रिकाम्या बाटल्या चोरतंय कोण? कोल्ड्रिंकच्या गेल्या, तेलाच्या गेल्या, मेसवाल्या मावशींची सरबताची बाटलीही गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरींनी तर एका सालस मुलीवर आळ घेऊन तिच्याशी बोलणंही टाकलं होतं. शेवटी अर्धापूरच्या मनस्विनीनं घरून आलेली केळी लपवायला रूममेटच्या कॉटखाली हात घातला आणि चोर सापडला. पाण्यानं काठोकाठ भरलेल्या अकरा बाटल्या, एका रांगेत!

"अर्शे, दुकान टाकून राहिली का?"

"असू दे की. नळ गेला तर?"

"नळ कशाला जाईल? विष्णुपुरीचं धरण हाकेच्या अंतरावर हाय!"

"धरण ऱ्हातंय," अर्शी म्हणाली. "नळ जातो."

अर्शी लातूरची. वडील जुबेरभाई, पंक्चरचं दुकान. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा ही दहा वर्षांची. अम्मी अंथरुणाला खिळलेली, अब्बा दुकानात. गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला की धावायचं काम अर्शीचं. टँकरला ना वेळ ना काळ. त्यामुळं जेवताना पोरीचा कान दारात आणि शाळेत कान रस्त्यावर. एका दुपारी तिचा डोळा लागला आणि टँकर येऊन गेला. कुणी रागावलं नाही. अम्मीनं संध्याकाळची गोळी कोरडीच गिळली, तेवढं अर्शीनं पाहिलं.

त्याला दहा वर्षं झाली. लातूरचे नळ सुधारले, अम्मी बरी झाली, पण पोरीचा कान अजून रस्त्यावरच. सकाळी पाठ केलेलं पान दुपारपर्यंत धुऊन जायचं. ॲनाटॉमीच्या तोंडी परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. पुन्हा आपटली की वर्ष गेलं. बाकी डोक्यात काय राहायचं? तर रस्त्यानं गेलेल्या प्रत्येक टँकरचा नंबर! न मागता, न घोकता. "मी ढ हाय," हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि या बाबतीत तिच्याशी वाद घालायला कुणी येतही नव्हतं.

मग एप्रिलात तो प्रकार घडला. विनीता मॅडम फळ्यावर मेंदू काढत होत्या. खाली कॉलेजच्या बागेला पाणी घालायला टँकर आला आणि त्यानं हॉर्न दिला. मॅडम वळून बघतात तो अर्शीची जागा रिकामी! व्हरांड्यातली फरशी पुसायची बादली उचलून बाईसाहेब दोन जिने खाली, टँकरच्या नळाला.

"अगं बाई, झाडांचं पाणी हाय हे!" ड्रायव्हर ओरडला.

तेव्हा कुठं ती भानावर आली. वर तिन्ही मजल्यांच्या खिडक्या पोरींनी गच्च भरल्या होत्या. संध्याकाळपर्यंत गोष्टीत एका बादलीच्या तीन झाल्या, आणि सकाळच्या चहाला तर अर्शी टँकरवर चढलीसुद्धा होती.

विनीता मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. आता झाडणार, म्हणून अर्शी मान खाली घालून उभी.

"लातूरचा टँकर आठवतो?"

"चोवीस, सत्तेचाळीस एकोणीस. मागचा डावा दिवा फुटका."

मॅडमचा चहाचा कप हवेतच राहिला. "आणि रांगेत कोण कोण असायचं?"

"माणसं कुठली मॅडम, भांडी. भांडं लावलं की माणूस उभा राहिल्यासारखा. पहिला पार्वतम्माचा हंडा. ती पाणी घ्यायच्या आधी वास घ्यायची. दुसरी गफूरचाचांची घागर. चष्म्याच्या काचा हे एवढ्या जाड. दहावा भुजंग टेलरचा कॅन. लई लबाड! आज दहावा, उद्या बघावं तर चौथा..." बारा भांडी, बारा मालक, एका दमात.

"आणि म्हणे मी ढ!" मॅडम हसल्या. "अर्शी, लहानपणी जीव टांगणीला लागला की मेंदू पहाऱ्याला बसायला शिकतो. पहारेकऱ्याला पुस्तक कसं दिसणार? त्याला रस्ताच दिसतो. मग आपण पुस्तकच रस्त्यावर नेऊ. मेंदूतून थेट निघणाऱ्या नर्व्ह किती?"

"बारा जोड्या." आणि अर्शीचे डोळे मोठे झाले.

"पहिली ऑलफॅक्टरी, वासाची."

"पार्वतम्मा!"

"दुसरी ऑप्टिक, नजरेची."

"गफूरचाचा!"

"दहावी व्हेगस. मानेतून खाली उतरते, छाती-पोटात भटकते, एका जागी म्हणून..."

"भुजंग!" दोघी एकदमच ओरडल्या. शिपाई आत डोकावून गेला. बाकीच्यांना जरा ओढूनताणून बसवावं लागलं. आठवी नर्व्ह कानाची, म्हणून आठव्या नंबरच्या ठणठणीत मंजुश्रीकाकूंना बिचाऱ्यांना बहिरं व्हावं लागलं.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक आखडू. पहिलाच प्रश्न: "बारा नर्व्ह. क्रमानं."

अर्शीनं तोंड उघडलं आणि सगळं कोरं. पार्वतम्मा नाही, हंडा नाही, गल्लीच नाही. बाजूला बसलेल्या विनीता मॅडमना तोंड उघडायची सोय नव्हती. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

आणि खाली हॉर्न वाजला.

अर्शी खुर्चीतून अर्धी उठली. पाय निघालेच होते, पण आज हॉर्नसरशी डोळ्यांपुढं रांग उभी राहिली. हंडा, घागर, डबे, कॅन, सगळं उन्हात चमकत! तिनं खुर्ची घट्ट धरली आणि खाली बसली. नाकानं भसकन हवा ओढली.

"ऑलफॅक्टरी! ऑप्टिक! ऑक्युलोमोटर..."

थांबते कशाची! एकेका भांड्याकडं बोट दाखवत पोरगी सुटली. आठव्याला कानावर हात, दहाव्याला सणसणीत डोळे वटारणं, आणि शेवटी, "तारामती!"

"कोण तारामती?"

"हायपोग्लॉसल, सर. जिभेची. बारावी." मग हळूच, "शेवटच्या नंबरची बाई. तिची जीभ ऐकायला पाहिजे होती तुम्ही."

परीक्षकांनी विनीता मॅडमकडं पाहिलं, मॅडमनी छताकडं. अर्शीला सगळं सांगावंच लागलं. ऐकता ऐकता त्यांचं आखडूपण कुठं गेलं कोण जाणे.

"रांगेत तुझा नंबर कितवा?"

"तेरावा. लहान म्हणून माझी कळशी मागं सारायचे. कधीकधी बाराव्यालाच पाणी संपायचं."

त्यांनी गुणांचा आकडा लिहिला, आणि तो बघून मॅडमनी टेबलाखालून अर्शीचा हात कचकचून दाबला.

होस्टेलात केळ्यांचा घड फुटला. पोरी कॉटवर, खिडकीत, दारात. अकराव्यांदा गोष्ट सांगून झाल्यावर मनस्विनीनं काडी टाकली, "ए नंबरवाली, आजच्या टँकरचा नंबर सांग की!"

"त्यात काय! सव्वीस..." अर्शी थांबली. पुन्हा, "सव्वीस..."

पुढं काही नाही.

अर्शीनं दोन्ही हात डोक्याला लावले, आणि हळूहळू तिच्या तोंडभर हसू पसरत गेलं.

"मने, विसरले! ए, विसरले ग मी!"

आणि ती कॉटवर अशी नाचली, अशी नाचली, की खालची एक बाटली आडवी झाली, झाकण उडालं आणि पाणी खोलीभर झालं. पोरी किंचाळत पाय वर घेत होत्या. फडकं आणायला सगळ्यात शेवटी उठली ती अर्शी, तीही हातातलं केळं संपवून.