बाळंतिणीच्या बाजूची रोझाबाय

रोझाबाय येशूच्या जन्माची गोष्ट सांगायची ती जोसेफला झापूनच सुरू करायची. "दिवस भरलेल्या बायकोला परगावी कोण नेतं गो? आणि मग सुईण शोधत फिरायचं!" जोसेफ जसा काही तिचा धाकटा दीर.

ती वसईची. अबूधाबीत, अल रीमच्या आमच्या टॉवरमध्ये, समोरच्या फ्लॅटमध्ये मुलाकडे राहायची. आता ती कायमची वसईला गेली. आम्ही भेटलो त्या पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये तिनं मला विचारलं होतं, "तुम्हीपण नातवंडं सांभाळायला?" मी म्हटलं, हो, होणार आहे एक. "मग आपण दोघी एकाच कंपनीत!"

गोष्टी तिच्या आजीकडून आलेल्या. सगळ्या बायबलात नाहीत हं, हे तीच सांगायची. "पण फार जुने ख्रिस्ती लोक सांगत आलेत." तिची लाडकी गोष्ट सुईणीची. जोसेफ सुईण शोधायला निघतो आणि अख्खं जग थबकतं. पाखरं आभाळात जागच्या जागी, मेंढपाळाची काठी उगारलेली तशीच, करडांची तोंडं पाण्याला टेकलेली पण घोट जात नाही. इथे रोझाबाय चहाचा कप हवेत धरून थांबायची. माझाही कप ओठांपाशी तसाच राहायचा.

आणि बाळ येशूला सोनं, ऊद आणि बोळ भेट घेऊन आलेले ते पूर्वेचे तीन शहाणे? "शहाणे कसले! सोनं राहू दे. पण ऊद आणि बोळ? पुरुषाला सुचेल हे? ऊद धुरीला, बोळ बाळंतिणीला. घरून बायकांनी बांधून दिलं, नाव यांचं झालं!"

मी तर उडालेच. आपण बाळंतबोळ म्हणतो तो हाच! जन्मभर माझ्या डब्यात होता, मला काय ठाऊक तो बेथलेहेमला जाऊन आलाय.

मग माझी सून केतकी बाळंत झाली. मुलगी, टपोऱ्या डोळ्यांची. सगळं सुखरूप, पण केतकी गप्प झाली. एवढी बोलकी पोर, भिंतीकडे तोंड करून पडायची. दूध पाजलं की बाळ माझ्या हातात द्यायची, त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं, उपचार करू, लक्ष ठेवा. माझा निखिल भेदरला होता. मी देवासमोर बसायचे, पण काय मागायचं ते सुचेना. रोझाबाय रोज केतकीच्या उशाशी बसून त्याच गोष्टी सांगायची. ऐकतेय की नाही, कळायचं नाही.

एक दिवस रोझाबाय मला म्हणाली, "धुरी दिली का हिला?"

"अहो, इथे कुठली धुरी!"

झालं. इथल्या अरबीत यल्ला, चला, म्हणत ती खाली अत्तरवाल्याकडे गेली. ऊद मागितला तर त्याने सुगंधी लाकडाची ढलपी काढली. ती परत आली ती दुसरीच पुडी घेऊन, विजयी मुद्रेनं. "इथला ऊद वेगळा गो ताई. आपला ऊद म्हणजे यांचा लुबान!"

बाळाला आतल्या खोलीत निजवलं. केतकीला खुर्चीवर बसवून गोधडी पांघरली, खाली धूपदाणी ठेवली. घरभर कसा छान वास सुटला! आणि छत किंचाळायला लागलं.

"आई, स्मोक डिटेक्टर!" निखिल उशीनं छताला वारा घालायला लागला. तेवढ्यात सिक्युरिटीवाला लाल सिलिंडर कवटाळून दारात हजर. "मॅडम, आग किधर है?"

रोझाबाय कमरेवर हात ठेवून उभी. "आग नहीं रे बाबा, बच्चा हुआ है!"

तो बिचारा गोंधळला. सिलिंडर तसाच छातीशी धरून म्हणाला, "मुबारक हो."

गोधडी हलायला लागली. मला वाटलं, घाबरून रडतेय. मी गोधडी बाजूला केली तर केतकी हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "काकू," शेवटी म्हणाली, "तुमचा एक शहाणा सिलिंडर घेऊन आला हो!"

मग तिनंच हात पुढे केले. "आई, बाळाला आणा ना. दचकली असेल ती."

मी बाळाला आणून तिच्या मांडीवर दिलं. ती वाकून तिच्याकडे बघत राहिली, बघतच राहिली. रोझाबायनं धूपदाणीवर झाकण ठेवलं आणि माझ्या कानाशी आली.

"ताई, आज सुटली गो तुमची सून. इस्पितळात नुसतं पोर बाहेर आलं होतं."