तेहतिसावा मणी

हे रूममधल्या पोरांनाही माहीत नाही. त्यांना मी रोज कायकाय करून दाखवतो, नकला करतो, ते लोळतात हसून. हे मात्र — नाही. तुला सांगतो. हसलास तरी चालेल, मला सवय आहे.

शारजात आमचं ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप. फोरमन अबू खालिद, लेबनॉनचा, साठी उलटलेला. हातात कायम एक जपमाळ. तेहतीस तपकिरी मणी, बाकी काही नाही. तिकडे पंथापंथांत लढाई पेटलेली तेव्हा त्याचा थोरला भाऊ तुरुंगात होता. जेवणात ऑलिव्ह मिळायचे. त्यांच्या बिया तो कोठडीच्या फरशीवर घासत बसायचा. एका मण्याला कधीकधी आठवडा. माळ बाहेर आली. भाऊ आला नाही.

मला हे सगळं माहीत होतं. तरी केलंच ना?

एकदा तो हात धुवायला गेला, माळ टेबलावर. मी उचलली. पोट पुढे, मान तिरकी — "यल्ला हबीबी, खिडकी उद्या, इन्शाल्ला." पोरं खिदळली. मग मी जास्तच रंगात आलो. माळ बोटावर गरगर फिरवली — आणि तुटली.

तो आला तेव्हा आम्ही सगळे जमिनीवर रांगत होतो. म्हणालो, दोरा जुना होता, आपोआप तुटला. पोरं खाली बघून मणी शोधत राहिली. ॲल्युमिनियमच्या चुऱ्यात हात घालून शोधलं, बोटं कापली. बत्तीस मिळाले. त्याला म्हटलं, उद्या ओवून देतो.

गेटबाहेर बोराचं झाड आहे. चाळीसगावला शाळेत असताना मी बोरांवरच वाढलो. खाली पडलेली एक आठळी उचलली. ग्राइंडरला लावली, ड्रिलने भोक पाडलं, काळ्या चहात बुडवली. दहा मिनिटं. भावाला आठवडा लागायचा — हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं का? आलं होतं. तेच तर.

"सब मिला," म्हणालो. त्याने मोजले. मग माझ्या कपाळाचा मुका घेतला — "मेरा बेटा."

गेल्या महिन्यात तो रिटायर झाला. सेंडऑफला त्यानेच फर्माईश केली, मेरा नक्कल करो. आणि वर — "असली माला लेके करो." सगळ्यांसमोर हातात दिली. तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी पोट पुढे काढलं. मणी सरकवत गेलो. माझा तो मणी अंगठ्याखाली आला — बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत, मशीनचा. मी अडकलो. पोरांना वाटलं हीसुद्धा नक्कलच. जाम हसली. सगळ्यात जास्त अबू खालिद हसला, डोळे पुसत.

परवा त्याचा व्हॉईस मेसेज आला, गावाहून. भावाच्या माळेवर नातीला मोजायला शिकवतोय. मागे तिचा आवाज — एकेक मणी, अरबीत, न चुकता तेहतीसपर्यंत.

मी अंगठा पाठवला.